हातावर पोट

माँटेव्हिडिओ, बंदराकडे उतरणारी गल्ली,
निबियाबाईंचं मांस भाजायचं हॉटेल, बारा टेबलं.
मी तिथे वेटर. एकोणीस वर्षं.
विल्मार पहिल्यांदा आला तो मंगळवारी,
आणि मंगळवारी आमच्याकडे कुत्रंही फिरकत नाही.

कोपऱ्यात बसला. एक कॉफी. कोटाच्या बाह्या झिजलेल्या.
पत्ते काढले नाहीत, नाणं काढलं नाही,
एक छोटी वही काढली
आणि माझ्या टेबलांकडे बघत काहीतरी लिहीत राहिला.
मला वाटलं, आयकरवाला.
बाईंना वाटलं, समोरच्या हॉटेलचा हेर.
पुढच्या मंगळवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही.
तीन मंगळवार, तीन कॉफ्या,
टिप मात्र दरवेळी बशीखाली, माझ्यासाठी.

चौथ्या खेपेला गल्ल्यापाशी उभा राहिला.
"बाई, मी जादूगार आहे."
"आमच्याकडे वाढदिवस होत नाहीत," बाई म्हणाल्या,
नोटा मोजता मोजता.
त्याने वही उघडली:
"तुमची आच मंद आहे. असायलाच हवी.
बरगडी भाजायला चाळीस मिनिटं.
पाव बाराव्या मिनिटाला संपतो,
बोलणं अठराव्या.
मग माणसं फोन काढतात, दाराकडे बघतात.
नऊ टेबलांनी दुसरी बाटली मागवली नाही,
दोन तर उठूनच गेली.
मी कबुतरं विकत नाही, बाई.
मी उरलेली बावीस मिनिटं विकतो."

बाईंनी नोटा मोजायच्या थांबवल्या.
हे मी एकोणीस वर्षांत दोनदाच पाहिलंय;
पहिल्यांदा, धुराड्याला आग लागली तेव्हा.

"एक रात्र करून दाखव. मग रोज जेवण फुकट."
"एक रात्र फुकट," तो म्हणाला, "जेवण नको.
दुसऱ्या रात्रीपासून पैसे.
जेवू घातलेल्या माणसाला पाहुणा म्हणतात,
आणि पाहुण्याला पगार नसतो."

त्या रात्री तो आधी माझ्याकडे आला,
स्वयंपाकघराच्या दारात.
कुठलं टेबल भांडून आलंय, कुणाला एकटं राहायचंय,
ताट निघालं हे मला कसं कळवशील?
मी म्हणालो, फडकं डाव्या खांद्यावर घेईन.
आणि टिप? मी सरळच विचारलं; घरी दोन पोरं.
"टेबलावरची तुझी. माझ्या हातात कुणी ठेवलीच,
तर तुझ्या खिशात सापडेल.
दोघांचंही हातावर पोट, दोस्ता."

पाच नंबरवाल्याने त्याला माशीसारखं हाकललं.
"सुखाने जेवा," म्हणून तो वळला,
कानाच्या पाळ्या लाल.
हे वहीत नव्हतं.

सहा नंबरला एक जोडपं, आल्यापासून मुकं.
बाईने पत्त्यावर सही केली, नवरा खिडकीबाहेर.
पत्ता गड्डीत गेला, गड्डीतून गेला,
आणि निघाला पावाच्या टोपलीखाली, चार घड्या,
सह्या मात्र दोन.
"ही तर माझी," नवरा म्हणाला.
"अक्षर अजून तसंच घाणेरडं," ती म्हणाली,
आणि हसली. एवढंच.
मी फडकं डाव्या खांद्यावर घेतलं.
विल्मार वाक्य अर्धं सोडून बाजूला झाला,
जणू तिथे कुणी नव्हतंच.
बरगडी आली. मागोमाग दुसरी बाटली.
माझ्या खिशात, घरी गेल्यावर, एक घडी केलेली नोट.

आता तो मंगळवारी असतो, बुधवारीही.
महिनाअखेर बाई पाकीट देतात
आणि तो गल्ल्यापाशीच उभा राहून मोजतो,
बोटाला थुंकी लावून, दोनदा, सगळ्यांदेखत.
ज्या बोटांतून नाणं पाण्यासारखं निसटतं
त्याच बोटांत नोट अडखळते, चिकटते,
एकीच्या दोन झाल्या का बघावं लागतं.
"कमी आहेत?" बाई विचारतात.
"नाही," तो म्हणतो, "बरोबर आहेत.
तेच बघत होतो."