मुबलक

खजुरी बाजारातल्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो.
उलटी अक्षरं सुलटी वाचायची इतकी सवय
की दुकानांच्या पाट्याच मला चुकल्यासारख्या वाटत.
अर्थ हे माझं खातं नव्हतं.
ते वरच्या मजल्यावर, तेलंगसाहेबांकडे,
आणि त्या वर्षी त्यांच्याकडेही नव्हतं.

रोज संध्याकाळी सातला माहिती खात्याचा कागद येई.
आणणारा गेंदालाल, सायकलवरून घामाघूम,
पोचपावतीआधी पाणी मागायचा.
बाबूखाँ माठ तिरपा धरून
तळातलं शेवटचं भांडंभर ओतायचा.
पिऊन झालं की तो कागद द्यायचा:
शहरात पाणी मुबलक आहे.

मी 'मु' ऱ्हस्व घ्यायचो.
एकदा दीर्घ पडला
तेव्हा तेलंगसाहेब स्वतः खाली उतरले:
लोकांपुढे चुकीचं काही जाता कामा नये.

त्या उन्हाळ्यात उद्गारचिन्हं संपली.
पुण्याला फाउंड्रीकडे तार केली,
तोवर उभ्या दंडाखाली टिंब देऊन भागवलं.
प्रश्नचिन्हांचा कप्पा मात्र काठोकाठ,
शाई न लागलेलं कोरं शिसं;
बाबूखाँ त्यात तंबाखूची पुडी लपवायचा,
तिथे कुणाचा हात जात नाही म्हणून.

घरी, रामबागेत, नळ नुसता फुसफुसत होता.
अकरावा दिवस.
भिंत पातळ. पलीकडे फणसेबाईंनी
ती ओळ नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली
आणि आवाज उतरवून म्हणाल्या,
"आपल्याच पायपात काही अडकून राहिलंय."

मग नळवाला याकूब आला.
फणस्यांकडे. मग मुळ्यांकडे. मग जिन्याखाली सोलंकींकडे,
प्रत्येकाकडे मागच्या दाराने.
तोटी उघडायची, फुंकर मारायची, चामडी वायसर बदलायचा,
आणि निघताना प्रत्येक घर त्याला तेच बजावायचं:
बाहेर बोलू नकोस, बरं दिसत नाही.

गल्लीच्या तोंडाशी शिपाई उभा नव्हता.
कुणाच्या दारावर रात्री थाप पडली नाही.
एकोणीस घरं
आपापली कोरडी बादली
आतल्या खोलीत लपवून बसली होती
आणि मुंजीला आलेल्या पाहुण्यांना
"घ्या ना, पाण्याला काय तोटा" म्हणत होती.

आणि मी.
आदल्या रात्री याच बोटांनी ती ओळ जुळवली होती,
नखांत शाई होती अजून.
पहाटे चारला उठलो,
बायकोला कळू नये म्हणून दिवा न लावता
पाना घेऊन नळाशी बसलो
आणि आमच्या पायपातला दोष शोधत राहिलो
उजाडेपर्यंत.

एक प्रश्नचिन्ह नंतर खिशात घालून आणलं होतं.
छापायचं धाडस वगैरे काही नव्हतं,
उगाच आणलं.
थोरल्याने ते भोवऱ्याच्या बदल्यात देऊन टाकलं.

पुष्कळ वर्षांनी सराफ्यात याकूब भेटला,
रात्री, थंडीत, गराडूच्या गाडीपाशी.
दाढी पांढरी. मधे सरकारं तीनदा बदललेली.
मी म्हटलं, याकूबभाई, तुला तर ठाऊक होतं,
एकोणीस घरांच्या तोट्या तू उघडल्यास.
वीस, तो म्हणाला. एक माझंही.
मग बोलला का नाहीस कुणाला?
त्याने गराडूवर लिंबू पिळलं,
बोटं चाटली,
माझ्याकडे खरंच नवलाने बघितलं:
"पर भिया, पेपरात कुठे आलं होतं?"