बाय गाळली तरी चालते

खानापुरात पिठाच्या गिरणीच्या माडीवर माझा क्लास.
संध्याकाळी सात ते साडेआठ.
गिरणी चालू असली की
खडू कुठला आणि जोंधळ्याचं पीठ कुठलं
माझ्या सदऱ्यावरून सांगता येत नाही.

त्या दिवशी व्हॉइस शिकवत होतो.
भावकाण्णा कौल फोडतो, हे अ‍ॅक्टिव्ह.
आता कौल पुढं आणा, पहिल्या बाकावर बसवा.
भावकाण्णाला न्या मागं, दारापाशी,
आणि त्याच्या आधी बाय लिहा.

"सर, ही बाय कुठली?"
गर्लगुंजीच्या कल्लाप्पानं विचारलं, अन् बाकं हसली.
मीही हसलो. म्हटलं, बाय म्हणजे कडून.
विसरलात तर अर्धा मार्क गेला.
मात्र कर्ता कोण ते ठाऊक नसेल,
किंवा ठाऊक असून सांगायचं नसेल,
तर बाय गाळली तरी चालते.
बावीस वर्षं हे असंच सांगत आलोय,
हातावरचा खडू झटकत.

होनाबाय जिना चढून आली तेव्हा
फळ्यावर अजून ते फुटकं कौल होतं.
तेजस्विनीची आई. कौलाच्या कारखान्यात भट्टीवर.
भुवया जळून जळून परत यायच्या थांबलेल्या.
ओच्यातून कागद काढला, इंग्रजीत टाइप केलेला.
"वाचा की सर.
कानडी असतं तर शेजारीण वाचली असती,
मराठी असतं तर पोरगी वाचली असती."

तीन ओळी होत्या.
कामाचा आढावा घेतला गेला आहे.
निर्णय केला गेला आहे.
आपणांस एक तारखेपासून कमी करण्यात आले आहे.

"कोण काढलंय मला?"
ते लिहिलेलं नाही, म्हटलं.
"सही?"
सहीच्या जागी शिक्का होता.
"वाक्यात नसंल कोण. हापिसात असंल की."

मागच्या बाकावरून तेजस्विनी म्हणाली,
"सर, ह्यात बाय गाळलीया."
या वेळी कोणी हसलं नाही.
खाली गिरणीचा पट्टा थांबला होता,
त्यामुळं ते जरा जास्तच ऐकू आलं.

आमची बोली मी आयुष्यभर तांबड्या पेनानं खोडली.
मी भाकरी खाल्लो. मी धुणं धुतलो. मी खरं सांगितलो.
खाल्ली, धुतलं, सांगितलं, असं वर लिहायचो.
अरे, क्रियापद भाकरीकडं बघून चालतं,
तुझ्याकडं नाही.
पोरं मान हलवायची,
आणि जिना उतरता उतरता पुन्हा, मी खाल्लो.
कानडीचं वारं, म्हणायचो. पुण्यात गेलात तर हसतील.
पुण्याला त्यातलं कोण गेलं, हा प्रश्न वेगळा.

मजूर कचेरीला अर्ज लिहायला बसलो.
आधी मराठीत घेऊ, म्हटलं, मग इंग्रजी करू. सांगा.
"लिवा. एकोणीस वर्सं मी कौलं भाजलो.
पावसात भट्टी विझाय लागली तर रातभर मी बसलो.
मी. दुसरं कोण न्हाई.
तुमच्या ह्या माडीवर हाईत, वर बगा,
ती बी मीच भाजलो."

सगळ्यांनी वर बघितलं.
धुरानं काळी पडलेली, एका कोपऱ्यात गळणारी कौलं.
इतकी वर्षं खाली बसून शिकवलं
आणि ती कुणाकडून, हे विचारलं नव्हतं.

भाजलो या शब्दावर पेन थांबलं.
भाजली पाहिजे. कौलं भाजली.
पेन तांबडंच होतं, दुसरं सापडलं नव्हतं.
तसंच ठेवलं. भाजलो.
पुढच्या ओळीत बसलो. ते तर बरोबरच होतं की नाही
मला पटकन ठरवता येईना.

तेजस्विनीनं तोवर वहीत इंग्रजी करायला घेतलेलं.
कौलं मागं गेली, बाय लागलीच नाही.
बोट ठेवून तिनं पहिला शब्द मोठ्यानं वाचला,
"आय..."

"काय गं?" होनाबाय म्हणाली.