कडी

ओउलूत दुपारी तीनलाच अंधार.
आउने हाल्मेच्या स्कोपवर दोन रेघा:
एक, दार वाजलं त्याची,
दुसरी, कर्नलनं ‘कोण?’ म्हटलं त्याची.
मधे चार मायक्रोसेकंद.
कधीतरी, उगीचच, नऊशे,
आणि तेवढ्यात तिकडे गिरणीत कागद फाटतो.

नेटवर्क कार्ड नाही. डिस्क नाही.
खाली रेइयोनं हॉर्न दिला. पुन्हा दिला.
ती ट्रेस उसवत राहिली, टाका टाका,
तर आत कुणीतरी
इंटरप्ट बंद करून, कडी लावून,
जुन्या सिरियल पोर्टवर
एकेक अक्षर गिरवत बसलेलं:
‘सगळं ठीक’.

ओळ नऊ वर्षांपूर्वीची.
नाव तिचंच.

पुसली.
मग खिडकीशी गेली.
बर्फात चाकांचे ठसे,
वळून गेलेले,
अर्धे बुजलेलेही.