छातीच्या उंचीवर

दर्शनी भिंतीत, छातीच्या उंचीवर,
एक चौकोनी भोक.
एटीएम बँकेने नेलं, भोक मला ठेवलं
घराच्या किमतीतच.
कागदावर लिहिलंय: जॉर्जियन, तीन मजली, संरक्षित.
भोकाचा उल्लेख नाही.
मंगळवारी बाजाराला आलेला हॉपकिन
सवयीने कार्ड काढून उभा राहतो,
मी आतून चहा पुढे करते.
पैसे नाहीत, म्हणते.
तो म्हणतो, पूर्वीही नसायचे.

खोटं छत फेब्रुवारीत उतरवलं.
ट्यूबलाइटांच्या वर पन्नास वर्षं अंधारात
प्लास्टरची द्राक्षं लटकत होती,
एक घड मधोमध करवतीने कापलेला.
मॅनेजरच्या खोलीची भिंत तिथून जायची:
अर्धा घड वसुलीकडे,
अर्धा गिऱ्हाइकांकडे.

येस्टिन चुना कालवतो,
घोड्याचे केस पिंजून त्यात घालतो.
सिमेंट नको म्हणतो, घर गुदमरतं.
बँकेने साऱ्या गावाला चुना लावला,
आता आपण तिला लावू, मी म्हणते.
त्याला विनोद कळत नाही.
तो बोट बुडवून मिश्रण बघतो.

तिजोरीचं दार मात्र हलत नाही. नऊ इंच जाड.
स्वान्सीहून दोन कारागीर आले,
दोघांनी मान हलवली, दोघांनी बिल दिलं.
राहू दे. आत बटाटे ठेवलेत.
गावात इतके सुरक्षित बटाटे कुणाचे नाहीत.

आई इथं पितळ घासायला यायची,
सकाळी सहाला, मागच्या दाराने,
बँक उघडायच्या आत बाहेर.
तिचं स्वतःचं खातं पोस्टात.

परवा काउंटरचा रंग खरवडताना,
तपकिरी, मग हिरवा, मग जुना दुधी,
पितळी पट्टीच्या सांध्यात
पॉलिशचा पांढरा थर सापडला,
साचून साचून दगड झालेला.
सगळं खरवडा, मीच सांगितलं होतं.
तेवढं ठेवलं.

गुरुवारी भोकासाठी दगड आला.
त्याच खाणीतला, पण फारच गोरा.
शेजारचे दोनशे तीस वर्षं
कोळशाच्या धुरात मुरलेले.
दही चोळ, कुणीतरी म्हणालं, शेवाळ धरेल.

म्हणून आज मी, डिलिसची मुलगी,
भर रस्त्यात बँकेच्या तोंडाला दही लावत उभी आहे
आणि हॉपकिन विचारतोय,
आता चहा कुठून?

दार वाजव, म्हटलं.
पुढचं.