फर्मा

सुभाषनगरात पाण्याचा टँकर रिव्हर्स घेत होता
आणि ओर्नेल्ला दौलूआण्णांच्या दारात उभी,
हातात वही, तोंडात आम्हा दोघींचंही उसनं इंग्रजी:
व्हेअर इज युअर लास्ट?

मला दुभाषी म्हणून बोलावलेलं.
पुण्यात दोन वर्षं इटालियन शिकलो,
मिलानचं तिकीट काही निघालं नाही.
(शिकलोच. आमच्या कोल्हापुरात बाईसुद्धा शिकलो म्हणते.
पुण्याच्या मॅडमनी तीनदा दुरुस्त केलं, चौथ्यांदा नाद सोडला.)

मी म्हणालो, लास्ट म्हणजे शेवटचा. उल्तिमो.
पुतण्या सदबा आत पळाला
आणि सकाळी हातावेगळा झालेला जोड घेऊन आला,
कान अजून ओले.
ओर्नेल्लानं मान हलवली.

मग गेल्या वर्षीचा असेल. स्कोर्सो.
माळ्यावरनं न खपलेला एक निघाला,
डाव्याला गोंडाच नव्हता.
मान पुन्हा तशीच.

टिकण्याचं विचारते का? दुरारे?
शेवंताकाकी वेणी घालता घालता म्हणाली,
"सांग तिला, माझ्या सासऱ्याचा जोड
तीन उन्हाळं तेल पिऊन चौथ्यालाबी करकरत हुता.
पावसात मातूर घालू नको म्हणावं."
सगळं गेलं इटालियनमध्ये, करकरणं तेवढं राहिलं.
ते मी तोंडानंच केलं, कर्र कर्र.
हसली. पण हवं होतं ते हे नव्हे.

"लास्ट प्राइस असंल," सदबा कुजबुजला,
"देवळाकडच्या गल्लीत समदी तेच इचारत्यात."
त्यानं बोटांवर आकडा केला,
तिचं तोंड बघून एक बोट मिटलं.

संपणं आणि टिकणं
एकाच वादीत ओवलंय इंग्रजांनी.
घरात भांडणं कशी निभत असतील त्यांची?

मग तिनं वही काखेत मारली,
हवेत कुणाचा तरी पाय धरावा तसे दोन्ही हात धरले
आणि स्वतःच्या भाषेत म्हणाली,
फॉर्मा. ला फॉर्मा.

आण्णांनी रापी खाली ठेवली.
"फर्मा व्हय?
मग आधीपास्नं असं मराठीत बोलायचं की!"

या वाक्याचं भाषांतर मी केलं नाही.

"फर्मा बुटाला लागतो," आण्णा म्हणाले,
"आमच्या चपलीला पाय लागतो. काढ म्हणावं बूट."

खाकी कागदावर तिचा गोरा पाय,
शिसपेन बोटाबोटांतनं फिरली, करंगळीपाशी थबकली.
"डावा मोठा हाय उजव्यापरास. सांगू नको तिला."
मी सांगितलं.
तिला ठाऊक होतं. बापानं सांगितलेलं,
तो बूट शिवायचा.
त्याचा कारखाना बंद पडला तेव्हा
घरातले लाकडी फर्मे
चुलीला दोन हिवाळे पुरले.

टँकरच्या आवाजात आण्णांना
फक्त शेवटचा शब्द ऐकू आला.
"पुरलं? कुठं?"

आता हे तिला कसं सांगावं?
आमच्याकडंही एक आहे असा शब्द,
भरपूर असलं तरी तोच
आणि मातीआड केलं तरी तोच.
मी नुसतं जमिनीकडं बोट केलं, मग पोटाकडं.
तिनं तिसराच काहीतरी अर्थ घेतला
आणि काकीनं पुढं केलेला चहा दोनदा घेतला.

कागद आण्णांनी खिळ्याला अडकवला,
गंगावेशीतल्या एका पैलवानाच्या पंजावर.
त्याखाली आणखी पाय, पिवळे, कडा खाल्लेले,
काहींवर नाव, काहींवर नुसता तेलाचा डाग.
ओर्नेल्ला एका पायात मोजा घालून तशीच बघत राहिली.

मी विचारलं, "ह्यातली किती राहिल्यात, आण्णा?"
त्यांनी मोजली नाहीत.
"त्यो खालचा बघ, हौसाक्काचा.
काल तिची लेक आलती जोड सांगायला.
पाय ठेव म्हणालो ह्या कागदावर.
नवं माप घ्यायला लागलं न्हाई."