चार फूट दोन इंच

बाकीच्यांच्या घरी डोकी वर असतात,
छताशी, जिथे फक्त कोळी पोचतो
आणि वर्षातून एकदा शिडी.
वडिलांनी आमचं प्राँगहॉर्न टांगलं
डोळे जमिनीपासून चार फूट दोन इंचांवर.
पेन्सिलीने खूण केली, टेप दोनदा लावली.
"उभा होता तेव्हा तिथूनच बघत होता," म्हणाले,
आणि खिळा ठोकला.

त्यामुळे त्या भिंतीला सोफा कधी लागला नाही.
आई सत्तावीस वर्षं कुरकुरली:
पाहुण्यांच्या कोपराला शिंगं, चहाच्या कपात केस.
हिवाळ्यात ती त्याच्या शिंगांवर
ओले हातमोजे वाळत घालायची, सूड म्हणून.
वडील मुकाट्याने काढून ठेवायचे.

मी सहा वर्षांची असताना
माझे डोळे बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर यायचे.
काचेचे, काळे, पार बाजूंना बसवलेले;
दोन्हींत एकदम बघता येत नाही,
निवडावा लागतो.
मी डावा निवडला. त्यात खिडकी होती,
खिडकीत कुंपण,
आणि मी, बोराएवढी.

डेल्मर स्टूबने ते बनवलं होतं, त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
"पेंढा?" तो हसला. "पेंढा तुझ्या आजोबांबरोबर गेला.
आत फोम आहे, पिवळा, पावासारखा."
शिंगांचं त्याने सांगितलं ते मात्र लक्षात राहिलं:
दरवर्षी गळतात ही.
आत हाडाची खुंटी, वरून नुसतं टोपण.
अजून महिनाभर तग धरला असता
तर यानेच ती कुठेतरी सेजब्रशमध्ये टाकून दिली असती.

कसा मारला, ते वडील क्वचित सांगत.
पळणाऱ्याला गाठता येत नाही, म्हणायचे.
पालथं पडायचं
आणि हातरुमाल हलवायचा. पांढरा. हळू.
त्याला राहवत नाही. बघायला येतो.
इथे थांबायचे. कॉफी ढवळत बसायचे,
साखर नसलेली.

आई गेली. मग वडिलांचे गुडघे गेले, मग नावं.
कॅस्परच्या वृद्धाश्रमात
भिंतीला खिळा ठोकायचा नाही असा नियम आहे.
मार्चमध्ये मी डोकं उतरवलं.
मागे भिंतीवर ढालीएवढा जुना रंग उरला,
कोवळा हिरवा. आमचं घर कधी हिरवं होतं
हे मी विसरूनच गेले होते.

पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला.
शर्ली बेसिनच्या उतारावर कळप होता.
ते तारेवरून उडी मारत नाहीत, खालून सरपटतात;
एकेक करून पार गेले, पाठीवर ओरखडे घेऊन.
एक थांबला.
माझी खिडकी अर्धी खाली होती.
आत कोण बसलंय, ते तो बघत राहिला
मागच्या ट्रकने भोंगा वाजवेपर्यंत.

खोलीत जास्तीची खुर्ची एकच.
ओडेसा नावाच्या नर्सने डोक्याखाली उशी दिली,
मग दुसरी, मग कपाटातून तिसरी.
"पाहुणे रात्री राहणार का?" म्हणाली.
उजवं शिंग वाटेत निखळलं होतं.
ते मी पर्समधून काढून खुंटीवर चढवलं,
कुणाचा तरी चष्मा नीट करावा तसं,
आणि वडिलांची चाकाची खुर्ची वळवली.

टेप आणायचं सुचलं नव्हतं.
लागली नाही.

बराच वेळ दोघंही काही बोलले नाहीत.
हीटर टिकटिकत होता.
मग वडिलांनी बाहीतून टिश्यू काढला
आणि हलवू लागले, हळू,
त्याच्याकडे बघून की माझ्याकडे, सांगता येत नाही.

मी दारापाशी उभी होते, कोट अंगातच.
मला राहवलं नाही.