वीस किलोंचा काटा

हायवेवरच्या वजनकाट्यावर माझी रात्रपाळी.
ट्रक येतात, थांबतात, आकडा देतात, जातात.
मासळीचे, लाकडाचे,
आणि नोव्हेंबर लागला की मिठाचे:
न्यूफाउंडलंडचा बर्फ वितळवायला टनांनी मीठ.
मी खिडकीत. डब्यात अर्धं उकडलेलं अंडं.

घरचा काटा अकरा आठवडे
एकशे चारवर बसलाय,
जसा सिरिलचा भाऊ आमच्या सोफ्यावर.
कामधंदा नाही, आणि उठतही नाही.

मार्चमध्ये सेंट जॉन्सला माझं पोट कापलं.
उरलं ते केळ्याएवढं.
सर्जनबाई म्हणाल्या होत्या,
भूक तयार होते तो भागच काढून टाकतो,
वर्षभर तरी तिची आठवण व्हायची नाही.
पाचव्या आठवड्यात ती परत आली.
दार वाजवलं नाही, बूट काढले नाहीत,
सरळ स्वयंपाकघरात:
काय गं बर्नडीन, काय शिजतंय?

कावळे नाहीत माझ्या पोटात.
कुरव आहेत,
धक्क्यावर मासे साफ करणाऱ्याभोवती घिरट्या घालणारे.
एक तुकडा टाका, शंभर जमतात.

नर्स फोनवर विचारते,
ही खरी भूक आहे, की मनाची?
काय सांगू.
दोघींचा आवाज सारखाच,
दोघी माझ्या आईकडच्या.

रविवारी नणंद गर्ट टाऊटन तळते,
शिळ्या कणकेचे गोळे, डुकराच्या चरबीत,
वरून काकवी.
वास जावा म्हणून मी खिडकी उघडते.
मग वास जाऊ नये म्हणून लावते.

जूनमध्ये एक घास खाल्ला होता.
घाम, धडधड,
बाथरूमच्या फरशीवर गाल टेकून अर्धा तास.
सिरिल दाराबाहेर उभा, काही न बोलता.
सगळं सांगितलं मी नर्सला,
फक्त जिभेवरच्या काकवीचे पहिले दहा सेकंद
नाही सांगितले.
ते माझे आहेत.

पॅरिश हॉलमध्ये बायका म्हणतात, किती उतरलीस!
आणि पाठ वळली की,
सोपा रस्ता धरला तिने.

सोपा रस्ता मला ठाऊक आहे.
नदीपलीकडून जातो, सोळा किलोमीटर, कच्चा.
जादा माल भरलेले ट्रक रात्री तिकडून पळतात.
तिथे काटा नाही, खिडकी नाही,
खिडकीत अर्धं अंडं घेऊन बसलेली बाई नाही.
मी तिकडून आलेली नाही.

आठवड्यातून तीनदा मोजते स्वतःला,
रोज मोजू नका म्हणालेत म्हणून.
श्वास सोडून. कानातले काढून.
एकदा केस कापूनसुद्धा.
एकशे चार.
आता वाटतं, आकडा नाहीच तो,
माझं आडनाव आहे.

आज पहाटे तीनला रस्ता रिकामा होता.
कोट घातला, बूट घातले,
बाहेर जाऊन ट्रकच्या काट्यावर उभी राहिले,
अगदी मधोमध,
अठरा चाकं जिथे थांबतात तिथे.
वारा असा की डोळ्यांतून पाणी.
काचेआड लाल आकडा दिसला:
शंभर.

हा काटा वीस-वीस किलोंनी मोजतो.
मी, बूट, कोट धरून एकशे आठ.
वरचे आठ
त्याने पोटात घातले.

इतक्या मोठ्या पोटाचं
मला या वर्षात कुणी भेटलं नव्हतं.
उभी राहिले थोडी आणखी,
नाक गोठेपर्यंत.

भूक खिडकीतून म्हणाली, पुरे, आत ये.
आले.
अंड्याचा घास वीस वेळा चावायचा असतो.
चौदाव्याला वळणावर दिवे दिसले,
मिठाचा ट्रक.
मी भरल्या तोंडाने, मिटल्या ओठांनी
त्याला हात दाखवला:
थांब.